हजेरीच्या क्रमाने

सोमवार, ३ फेब्रुवारी

शाळेच्या नोंदी लिहून लिहून हात इतका सरकारी झालाय की घरच्या वहीतही आधी समास आखला. ही वही यांनी दिली. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चाळीस वर्षं पाइपांचे नकाशे काढून हे गेल्या वर्षी घरी बसले, तेव्हा कपाट रिकामं करताना चार कोऱ्या वह्या सापडल्या होत्या. म्हणाले, तुझेही आता तीनच महिने राहिलेत, प्रगतिपत्रकात जे लिहिता येत नाही ते यात लिही. मी म्हटलं, तसं काही नसतं. प्रगतिपत्रकात सगळं येतं, त्यासाठीच तर एवढे रकाने केलेत.

एप्रिलअखेर मी निवृत्त. चौथीची चौतीस मुलं माझ्याकडे आहेत आणि पहिलीपासून मीच त्यांना वर आणलंय. आमच्या शाळेची पद्धतच तशी, एक वर्ग आणि एक बाई, चार वर्षं. त्यामुळे प्रत्येकाच्या फायलीत जे काही बरंवाईट आहे ते माझ्याच अक्षरात आहे. चौथीनंतर मुलं मोठ्या शाळेत जातात, त्यांच्याबरोबर फाईल जाते, आणि फाईल बघून तुकडी ठरते. वाचनात पुढे असेल तो अ तुकडीत, मागे असेल तो ड तुकडीत. ड म्हटलं की आईबाप नाकं मुरडतात. तिथे एक बाई अक्षरांपासून शिकवतात म्हणे, पण ते ऐकून घ्यायला कोण थांबतंय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज वाचनाची सराव चाचणी. एकशेवीस शब्दांचा नवा उतारा वरच्या ऑफिसातून येतो. एकेक मूल माझ्या टेबलाशी येऊन मोठ्यानं वाचतं, मी स्टॉपवॉच लावते आणि मिनिटात किती शब्द झाले, किती चुकले ते लिहिते; मिनिट झालं तरी उतारा मात्र शेवटपर्यंत वाचून घेते. बाकीची मुलं तोवर बाकांवर चित्रं काढत बसतात. मी हजेरीच्या क्रमानेच बोलावते, एक ते चौतीस. कोणाच्या वडिलांची मोटार असो नाही तर हातगाडी, आपला नंबर आला की यायचं. चौतीस वर्षांत मी हा क्रम एकदाही मोडला नाही, आणि याचा मला अभिमान आहे, तो उगीच लपवू कशाला.

एकोणिसाव्या नंबरानं पाण्याची बाटली लवंडली. कागद पुसून पुन्हा टेबलावर ठेवला, पण शेवटची दीड ओळ निळी झाली. पुढची सगळी तिथे येऊन अडली. अडली नाही ती फक्त आमची रेडिओ.

रेडिओ म्हणजे चौतीस नंबर. नाव पोरांनी ठेवलंय. शाळेत सर्वांच्या शेवटी प्रवेश घेतला म्हणून शेवटचा नंबर, आणि एकदा ऐकलेलं जसंच्या तसं बोलून दाखवते म्हणून रेडिओ. शिंप्याची मुलगी. तिनं ती पुसलेली ओळ अशी घडाघडा वाचली की मी बघतच राहिले. मिनिटात एकशे सोळा शब्द आणि चूक एकही नाही. नोंदीत एक रकाना आहे, 'पुढील मजकुराचा अंदाज बांधून वाचते'. सगळ्या वर्गात तिथे एकच खूण झाली. लिखाणात मात्र पोरगी आळशी आहे, शेजारणीच्या वहीत डोकावल्याशिवाय हिचं पान पुढे सरकत नाही. आता हुशार मुलं लिहायचा कंटाळा करतातच.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

यांच्या कोटाचं अस्तर फाटलं होतं म्हणून शिंप्याकडे गेले. दुकान म्हणजे दोन मशिनी, कापायचं टेबल आणि एका स्टुलावर बसून काजं-बटणं करणारी रेडिओची आई. मशिनीच्या वरच्या भिंतीवर कागदी साचे टांगलेत, बाहीचे, कॉलरचे, आणि त्यांच्या मधोमध चार वर्षांची प्रगतिपत्रकं प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून खिळ्याला लावलीत. माझं अक्षर त्या भिंतीवर बघून मला कसंसंच झालं, म्हणजे चांगल्या अर्थानं.

शिंपी म्हणाले, आमच्या घरात कोणाला धड वाचता येत नाही, मी मापं लिहितो तेवढंच. पण ही रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवते, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. शेजारच्या घड्याळवाल्याचा रेडिओ दिवसभर चालू असतो, तोही तेवढ्यापुरता बंद करायला सांगतात. त्यांना हसू येत होतं, कारण बातम्या त्याच असतात, पण आपल्या लेकीच्या तोंडून वेगळ्या वाटतात.

येताना मला वाटलं, या नोकरीत दुसरं काही मिळालं नसेल, पण हे मिळालं.

सोमवार, ३ मार्च

अंतिम वाचन चाचणी. उतारा घड्याळ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचा, बरा होता.

सकाळीच शिंप्याचा निरोप आला की आजीला दवाखान्यात दाखवायचंय, मुलीला दोन वाजता न्यायला येतो. आता शेवटचा नंबर दोनपर्यंत कसा येणार? तिची अंतिम चाचणी बुडू नये म्हणून मी चौतीस वर्षांचा नेम मोडला आणि तिलाच आधी बोलावलं.

ती बाकावरून उठलीच नाही. म्हणाली, "बाई, माझा नंबर शेवटचा आहे."

मी म्हटलं, आज पहिला. आली, कागद हातात घेतला आणि उभी राहिली. मी घड्याळ सुरू केलं. मिनिट संपलं तरी तोंडातून शब्द नाही. ओठांना कोरड पडली होती आणि कागदाची कड बोटांनी दुमडत होती. आजीच्या काळजीनं पोरीची पाचावर धारण बसली असणार. मी पाठीवरून हात फिरवला, जागेवर बसवलं आणि एक नंबरापासून नेहमीसारखं सुरू केलं. बाराव्याचं वाचून होत होतं तेव्हा तिचे वडील आले.

नोंद : 'घरगुती ताणाचा वाचनावर परिणाम.' उद्या पुन्हा घेईन.

मंगळवार, ४ मार्च

मधल्या सुट्टीत तिला एकटीला टेबलाशी घेतलं. खणातून कागद काढून तिच्या हातात दिला, माझी प्रत माझ्यासमोर. काय वाचलंन! म्हाताऱ्याच्या खोकल्याची जागासुद्धा सोडली नाही. एकशे अठरा शब्द, चूक शून्य. माझा जीव भांड्यात पडला. लगेच क्लार्कला आकडा दिला, त्यानं सगळ्या वर्गाचे आकडे तिथल्या तिथे वर पाठवून दिले.

घंटा झाल्यावर तिचा कागद खणात ठेवायला उचलला. तो घड्याळवाल्या म्हाताऱ्याचा उतारा नव्हता. तिसरीचा गेल्या वर्षीचा होता, नदीवरच्या पुलाचा.

बुधवार, ५ मार्च

शाळेत गेले, शिकवलं, घरी आले.

शुक्रवार, ७ मार्च

शाळा सुटल्यावर तिला थांबवलं. रागवायचं नाही असं ठरवलं होतं आणि रागावलेही नाही. फळ्यावर 'मगर' लिहिलं आणि वाच म्हटलं. तिनं फळ्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही चार वर्षं माझ्या तोंडाकडेच बघत आली आहे, आणि मी मात्र प्रत्येक सहामाहीला 'वर्गात पूर्ण लक्ष असते' असं लिहीत आले.

हळूहळू सांगितलं तिनं. पहिलीत अक्षरं आली तेव्हा ती दोन महिने तापानं घरी होती. परत आली तोवर सगळी वाचत होती. पहिली चाचणी झाली, नंबर शेवटचा, तोवर गोष्ट तेहेतीस वेळा ऐकून झाली होती. तिला वाटलं यालाच वाचन म्हणतात. आपण फसवतोय हे तिला दुसरीत कळलं. तोवर मी तिच्या वडिलांना बोलावून शाबासकी दिली होती. लिहायचं म्हणजे शेजारणीच्या वहीतून अक्षरं चित्रासारखी उतरवायची, त्या बदल्यात शेजारणीची गणितं ही तोंडी करून द्यायची. पेपर वाचते तो घड्याळवाल्याच्या दुकानात दुपारी ऐकलेला.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तुम्हीच सांगता ना बाई, लक्ष देऊन ऐका. मी ऐकलं."

मग हात जोडले आणि बाबांना सांगू नका म्हणाली. मी कबूल केलं. नुसतं कबूल केलं नाही, वचन दिलं: रोज सुट्टीनंतर तासभर शिकवीन, आणि कधीही न ऐकलेली एक ओळ तुला आपली आपण वाचता आली, तर मी कोणाला काही सांगणार नाही की कुठे लिहिणार नाही. तिनं बोट पुढे केलं, मी त्यात माझं बोट अडकवलं. साठीला टेकलेली बाई मी.

रविवार, ९ मार्च

माळ्यावरची पेटी खाली काढायला लावली. माझ्या सगळ्या वाचनवह्या तीत आहेत, आठ तुकड्यांच्या, पहिली तिसरीत असताना हाती आली ती धरून. ही चालू नववी. हे म्हणाले, धुळीनं खोकला होईल. मी ऐकलं नाही. मला एकच गोष्ट बघायची होती आणि ती दिसू नये असंही वाटत होतं.

दिसली. कोणतंही पान उघडा. एक नंबराचे शब्द पंचावन्न, साठ. दहाव्याचे सत्तर. विसाव्याचे ऐंशी. खाली खाली जावं तसे आकडे वाढत जातात. मुलं बदलली, उतारे बदलले, टेबल बदललं, पण आकडे तसेच वर चढतात. मी दर वर्षी बेरीज करून सरासरी काढली, सही केली आणि वर पाठवली, पण ओळीनं खाली बोट फिरवून कधी पाहिलं नाही.

हे पट्टी-पेन्सिल घेऊन बसले आणि एका पानाचा आलेख काढला. नकाशे काढायची खोड जात नाही. रेघ बघून म्हणाले, "पाणी आपणहून असं चढत नाही. मागून कोणीतरी ढकलतंय." त्यांना गंमत वाटत होती. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पट्टी खाली ठेवली.

गेल्या वर्षी औषधाच्या दुकानात एक माणूस पाया पडला. ओळखलंत का बाई, मी अठ्ठावीस नंबर, शेवटचा. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा असेल. खोक्यावर काय लिहिलंय तेवढं सांगता का, चष्मा घरी राहिला, म्हणाला. मी वाचून दाखवलं. घरी येऊन यांना कौतुकानं सांगितलंही की माझी मुलं अजून मला विचारतात. त्याच्या नाकावर चष्म्याची खूण नव्हती, हे मला आज आठवतंय. तेव्हाही मी ते पाहिलं असणार, नाही तर आठवलं कुठून असतं?

पहिल्या नंबरांचं काय केलं मी? ज्यांना 'वाचनात मागे' म्हणून लिहिलं, ती तर खरं वाचणारी होती. 

सोमवार, १० मार्च

मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, वयानं माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. सगळं सांगितलं, आलेखही दाखवला. त्यांनी दार लोटून घेतलं आणि मला पाणी दिलं. वाईट बाई नाहीत त्या. म्हणाल्या की आकडे वर गेलेत, आता एक बदलायचा तर सगळ्या वर्गाची फेरतपासणी लागते, मग मागच्या वर्षांची, मग सगळ्या शाळेची. वाचनात शाळा पहिल्या श्रेणीत आहे म्हणून दोन शिक्षिकांच्या जागा टिकल्यात.

मी विचारलं, आणि ती मुलगी?

"दीड महिना राहिलाय तुमचा. सुखानं निवृत्त व्हा," म्हणाल्या.

सोमवार, १७ मार्च

शिकवणी सुरू होऊन आठवडा झाला. मुलांना वाचायला शिकवणं हे माझं काम, आणि मला ते येत नाही असं पहिल्यांदा वाटतंय. मी तोंड उघडलं की संपलं. एकदा वाचून दाखवलेलं पान ती पुढच्या क्षणी म्हणून दाखवते आणि बोट भलत्याच ओळीवर फिरत असतं. बालभारतीसारखी पुस्तकं तर तिच्यापुढे ठेवण्यात अर्थच नाही, चारही वर्षांची तिला पाठ आहेत. म्हणून मी गप्प बसून शिकवते. पाटीवर अक्षर लिहायचं, ते तिनं बोलायचं, मी फक्त मान हलवायची. अक्षरं तिला साच्यांसारखी आठवतात, ग ला कॉलर म्हणते.

मला भीती वाटते. मोठ्या शाळेत अ तुकडीत पहिल्याच दिवशी पानंच्या पानं वाचायला देतात, आणि तिथे दर तासाला वेगळे सर. कोणाच्या तोंडाकडे बघणार ही?

बुधवार, २ एप्रिल

आज 'गवत' वाचलं. मग 'बदक'. मग 'पातेलं' वर अकरा सेकंद घेतली आणि वाचलं. मी सेकंद मोजत होते हे माझ्याच लक्षात आलं तेव्हा घड्याळ काढून पिशवीत टाकलं. पाटी पुसून पुसून तिचं बोट खडूनं पांढरं झालेलं असतं. बोट शब्दाखालून सरकवल्याशिवाय तिला वाचता येत नाही, मीही आता हटकत नाही. जोडाक्षर आलं की मात्र खांदे पडतात.

निघताना विचारलं, अजून किती दिवस आहेत बाई? मी म्हटलं भरपूर. भरपूर नाहीत. फायली बाराला पूर्ण करून द्यायच्या आहेत.

बुधवार, ९ एप्रिल

फायलीत शेवटचं पान हातानं लिहायचं असतं, 'वर्गशिक्षिकेचा शेरा'. खाली बारीक अक्षरात सूचना : पालकांना समजेल अशा सोप्या भाषेत लिहावा. तेहेतीस शेरे एका दिवसात झाले. चौतिसावा तीन दिवस चाललाय.

विचार करून ठरवलं. खरं लिहिलं तर ती ड तुकडीत जाईल, तिथल्या बाई अक्षरापासून घेतील. नाही लिहिलं तर अ तुकडीत बुडेल. वचन मोडतं, पण लहान मुलाला दिलेलं वचन त्याच्या भल्यासाठी मोडावं लागतं कधीकधी. हे मला पटलंय.

पहिला मसुदा लांबला. त्यात मी लिहिलं होतं की एकच उतारा सगळ्यांसमोर वाचून घेण्याची चूक माझी. तो फाडला. दुसरा अर्ध्यावर फाडला. शेवटी सूचनेप्रमाणे अगदी सोप्या भाषेत, मोठ्या गोल अक्षरात लिहिलं :

'हिला वाचता येत नाही. ही वाचायचं नाटक करते. इतके दिवस मला फसवत आली.'

संध्याकाळी यांना दाखवलं. ओळी तीनच, पण यांनी नकाशा वाचावा तसा वेळ घेतला.

"यात तू कुठे आहेस?" म्हणाले.

मी म्हटलं, सही खाली आहे. पान ओढून घेतलं. चौतीस वर्षांनंतर शाळेच्या दारातून चोरासारखं बाहेर पडायचं माझ्या जिवावर येतं, हे त्यांना कोण सांगणार? त्यांच्या निरोपाला भाषणं झाली होती.

शुक्रवार, ११ एप्रिल

जसं झालं तसं लिहिते.

शाळा सुटली होती. ती पाटी घेऊन आली आणि टेबलाशी बसली. तेवढ्यात शिपाई बोलवायला आला, निवृत्तीच्या कागदावर एक सही राहिली होती. मी म्हटलं, कालचे शब्द लिहीत बस, आलेच. चौतीस फायलींचा गठ्ठा टेबलावर होता, सगळ्यात वर तिची. शेऱ्याचं पान आत लावून नुकताच शिक्का मारला होता, त्याची शाई ओली होती म्हणून उघडी ठेवली होती. तिच्यासमोर कागद उघडा ठेवायला चार वर्षांत मला कधी भीती वाटली नव्हती.

पाच-सात मिनिटांत परत आले. व्हरांड्यात असतानाच आवाज ऐकू आला, अडखळत अडखळत. मी दाराशी थबकले. तिची पाठ माझ्याकडे होती. रोजचा घडाघडा आवाज नव्हता तो. एकेक अक्षर उचलून दुसऱ्याला लावत होती, चुकत होती, मागे जाऊन पुन्हा लावत होती. "वा... च... वाच... ता..." असं. कधी न ऐकलेलं काहीतरी ती आपली आपण वाचत होती. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चौतीस वर्षांत मी मुलाला असं वाचताना ऐकलं नसेल. मी तिथेच उभी राहिले, तिला अडवू नये म्हणून.

मग तिनं म्हटलं, "ये... त. येत." आणि मला कळलं ती काय वाचतेय.

मी आत गेले. चपलेचा आवाज झाला तशी ती थांबली, फाईल मिटली, नीट गठ्ठ्यावर सरळ केली. तोंडावर काही नव्हतं. मी विचारलं, काय वाचत होतीस? म्हणाली, "काही नाही बाई. मला वाचता येत नाही."

पाटी टेबलावर ठेवून गेली.

त्या तीन ओळींत एकही जोडाक्षर नव्हतं.

पण ती फार पुढे गेली नसावी. मी ऐकलं ते पहिल्या वाक्यातलं 'येत'. एवढ्या कमी वेळात तिचा वेग बघता पहिलं वाक्यही पुरं झालं नसेल. आणि पहिल्या वाक्यात तसं वाईट काही नाही, ते तिलाही माहीत होतं. फसवल्याचं पुढे आहे, ते तिच्या नजरेला पडलं नसणार. फायली उद्या द्यायच्या असल्या तरी गठ्ठा दोन-तीन दिवस कचेरीतच असतो. सोमवारी सुट्टी, मंगळवारी नवीन पान लिहीन : 'वाचू लागली आहे, अजून मदत हवी.' तिला समोर बसवून लिहीन.

मंगळवार, १५ एप्रिल

ती आली नाही.

फायलीही नाहीत. क्लार्कनं शनिवारी दुपारीच गठ्ठा मोठ्या शाळेत पोचवला. मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले तर त्यांनी खणातून माझं पान काढून दिलं. पाठवण्याआधी त्यांनी फायली चाळल्या होत्या आणि चौतीस नंबराचं पान बदललं होतं. काय लिहिलंत विचारलं. 'वाचन उत्कृष्ट. भविष्य उज्ज्वल.' म्हणाल्या, "तुमच्याच मागच्या नोंदींवरून घेतलं."

पान न बघताच चार घड्या घालून पर्समध्ये ठेवलं.

बुधवार, १६ एप्रिल

आली नाही. शेजारीण सांगत होती, पोट दुखतंय म्हणते. सुट्टीनंतर तासभर मी वर्गात बसून राहिले.

शुक्रवार, २५ एप्रिल

निकाल आणि माझा निरोप एकाच दिवशी. मोठ्या बाई चांगलं बोलल्या. पुष्पगुच्छ मिळाला, तो बादलीत ठेवलाय.

चौतीस नंबराचं प्रगतिपत्रक न्यायला शिंपी एकटे आले. अ तुकडी मिळाली म्हणून चेहरा फुलला होता. कोटही आणला होता, अस्तर सुरेख लावलंय. मग बाजूला घेऊन हळूच म्हणाले की पोरगी पंधरा दिवस गप्प आहे. पेपर हातात घेत नाही. घड्याळवाल्याकडे जात नाही. काही विचारलं तर मान हलवते. परवा भिंतीवरची चारही प्रगतिपत्रकं तिनं काढून ठेवली, कुठे ते सांगत नाही.

"तुमच्याशी बोलायची ती. तिला काय झालं बाई?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते, अगदी तिच्यासारखेच. मी सांगू शकले असते. व्हरांड्यात कोणी नव्हतं. मी म्हटलं, शाळा सुटते म्हणून मुलं हळवी होतात, मोठ्या शाळेत रमली की बोलेल. त्यांनी मान डोलावली. मी सांगितलेलं त्यांनी आजवर कधी खोटं मानलं नाही.

घरी येऊन पर्स रिकामी केली तेव्हा ते पान निघालं. खिडकीशी नेऊन उलगडलं. फाडून टाकण्याआधी एकदा बघावं म्हणून.

ओळींच्या खालून खडूचा पट्टा गेलाय. पांढऱ्या कागदावर पांढरा, म्हणून समोरून कळत नाही. उजेडात तिरकं धरलं की शाई जिथे त्याखाली अंधुक झालीय ते दिसतं. पट्टा 'हिला' पासून निघतो, प्रत्येक शब्दाखाली थांबत जातो, 'वाचायचं' खाली मागे येऊन पुन्हा गेलाय. दुसरी ओळ संपवून तिसरीवर उतरतो. 'फसवत' खाली खडू जाड आहे, तिथे ती बराच वेळ थांबली असेल. मग 'आली', आणि पूर्णविरामाच्या पुढे बोट उचललंय.

मी दारात ऐकलं तेव्हा ती दुसऱ्यांदा वाचत होती.